लेबलावरील शून्य आणि पेयातील कर्बोदके

रोजच्या आहाराचा विचार करताना आपण बहुधा ताटातील पदार्थांचाच विचार करतो. पोळ्या किती खाल्ल्या, भात किती घेतला, गोडाचे काही होते की नाही, हे आपल्या लक्षात राहते. पेल्यातून जे पोटात जाते त्याची मात्र सहसा कोणी मोजदाद ठेवीत नाही. पाणी तर बोलूनचालून पाणीच. चहा आणि कॉफी यांनाही आपण जवळजवळ पाण्याच्याच पंगतीला बसवतो. त्यांत स्वादासाठी घातलेला चमचाभर पदार्थ हा आहाराचा भाग आहे, असे आपल्याला वाटतच नाही. निरोगी माणसाचे या समजुतीने फारसे बिघडत नाही. परंतु ज्यांना कर्बोदके ग्रॅमच्या मापाने राखावी लागतात त्यांच्या बाबतीत हाच चमचा निर्णायक ठरू शकतो. हा चमचा कोठून येतो, त्यात काय असते आणि वेष्टनावरील तक्ता त्याविषयी काय सांगतो व काय सांगत नाही, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कर्बोदके हे एकाच पदार्थाचे नाव नसून ते एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. ग्लुकोज, फळांतील फ्रुक्टोज, दुधातील लॅक्टोज आणि आपली नेहमीची साखर ही या कुटुंबातील लहान, गोड मंडळी. तांदूळ, गहू, बटाटा यांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कणांची लांबच लांब साखळी. तिला गोडी नसते. धान्याचा कोंडा व भाज्यांचे धागे यांतील तंतुमय द्रव्येही रसायनदृष्ट्या याच कुटुंबात मोडतात, पण आपल्या पाचकरसांना ती बव्हंशी दाद देत नाहीत. पचणारे एक ग्रॅम कर्बोदक शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा देते. प्रथिनांचेही प्रमाण तेवढेच असून स्निग्ध पदार्थांचे मात्र ९ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी केलेल्या मापनांवर हे आकडे आधारलेले आहेत. जगभरच्या पोषणतक्त्यांत आजही मुख्यतः तेच वापरले जातात.

कमी कर्बोदकांचा आहार

कर्बोदके कमी करून वजन उतरविण्याची कल्पना नवी नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करीत असत. अतिस्थूलपणाने ते बेजार झाले होते. विल्यम हार्वे या डॉक्टरांनी त्यांना पाव, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले. वजन उतरल्यावर बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपला अनुभव एका पुस्तिकेच्या रूपाने छापला आणि ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी पथ्य करणे या अर्थाचे क्रियापद त्यांच्याच नावावरून रूढ झाले. ते आजही वापरात आहे. त्यांच्या पथ्यात चहाला परवानगी होती, पण तो दूध आणि साखर यांच्याविना घ्यावयाचा होता. म्हणजे पेल्यातील कर्बोदकांचे भान या पथ्याच्या आरंभापासूनच होते, असे म्हणावे लागेल.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने ही पद्धत घरोघरी पोचविली. त्यांच्या पुढील काळातील पुस्तकांत पहिल्या टप्प्यासाठी दिवसाला सुमारे २० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा घालून दिलेली आढळते. २० ग्रॅम म्हणजे किती, तर मध्यम आकाराच्या एका पोळीत किंवा अर्ध्या वाटी भातात असतात साधारण तितकी. आपल्या देशात बहुसंख्य लोकांच्या आहारातील निम्म्याहून अधिक ऊर्जा धान्यांतून येते. त्यामुळे ही मर्यादा किती कडक आहे हे आपल्याला सहज समजू शकेल.

हा सगळा प्रपंच केवळ सडपातळ दिसण्यासाठी असता तर दोनचार ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने कोणाचे मोठे नुकसान झाले नसते. परंतु कर्बोदकांचा काटेकोर हिशेब ज्यांच्या प्रकृतीशी थेट निगडित आहे असे लोक आपल्यामध्ये आहेत. मधुमेहाच्या अनेक रुग्णांना जेवणातील कर्बोदके मोजून त्यानुसार इन्सुलिनची मात्रा ठरवावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. दुसरा गट लहान आहे, पण त्याच्या दृष्टीने हा हिशेब अधिकच कठोर असतो. तो गट म्हणजे औषधांना दाद न देणारा अपस्मार झालेली मुले.

दहा ग्रॅमांचा दिवस

दीर्घ उपवासात फेफऱ्याचे झटके कमी होतात, ही गोष्ट फार पूर्वीपासून लोकांच्या ध्यानात आली होती. उपवासात ग्लुकोजचा साठा संपला की यकृत स्निग्ध पदार्थांपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू ग्लुकोजच्या जोडीला त्यांचाही इंधन म्हणून उपयोग करू लागतो. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी असे सुचविले की, प्रत्यक्ष उपवास न घडविता, भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अत्यल्प कर्बोदके देऊन शरीरात हीच अवस्था टिकविता येईल. हाच कीटोजनक आहार होय. १९३८ पासून फेनिटॉइनसारखी नवी औषधे आल्यावर तो मागे पडला. परंतु ज्या मुलांवर औषधांचा परिणाम होत नाही त्यांच्यासाठी १९९० नंतरच्या दशकात त्याला पुन्हा महत्त्व आले. भारतातही काही रुग्णालयांत हा आहार किंवा त्याचे थोडे सौम्य रूप आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले जाते.

या आहाराचे गणित पाहण्यासारखे आहे. त्याच्या सर्वांत कडक प्रकारात चार भाग स्निग्ध पदार्थ आणि एक भाग प्रथिने व कर्बोदके मिळून, असे वजनाचे प्रमाण असते. एखाद्या लहान मुलाला दिवसाला १,००० किलोकॅलरी द्यावयाच्या असतील तर १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९०० आणि २५ ग्रॅम प्रथिने व कर्बोदके यांतून १०० किलोकॅलरी मिळतात. वाढत्या मुलाला प्रथिने आवश्यकच असतात. त्यांच्यासाठी १५ ग्रॅम राखून ठेवले तर कर्बोदकांच्या वाट्याला संपूर्ण दिवसात फक्त १० ग्रॅम उरतात. आई हे १० ग्रॅम तराजूवर तोलून देते. एखाद्या फळाची फोड, थोडीशी भाजी, बस्स. बाहेरून नकळत आलेले ४ किंवा ५ ग्रॅम हे अशा मुलाच्या दिवसभराच्या वाट्याचा जवळजवळ अर्धा भाग होत. त्यामुळे कीटोनांचे प्रमाण घटू शकते आणि थांबलेले झटके पुन्हा उद्भवण्याचा धोका निर्माण होतो.

हे ४ किंवा ५ ग्रॅम येतात कोठून? जिलबीतून किंवा लाडवातून ते येत नाहीत. त्या बाबतीत घरातील सर्वच जण सावध असतात. ज्यांना कोणी अन्न समजत नाही अशा वस्तूंतून ते येतात.

स्वादाचे वाहन

फळांचे, फुलांचे किंवा मसाल्यांचे स्वाद ज्या रसायनांमुळे येतात ती अत्यंत प्रभावी असतात. पेलाभर पेयाला गुलाबाचा किंवा संत्र्याचा वास येण्यास त्यांचा अगदी सूक्ष्म अंश पुरतो. इतकी अल्प मात्रा कारखान्यात किंवा स्वयंपाकघरात मोजणे कठीण असल्याने ती दुसऱ्या एखाद्या पदार्थात मिसळून आकारमान वाढवावे लागते. या दुसऱ्या पदार्थाला वाहक असे म्हणतात. स्वादद्रव्यातील कर्बोदके पुष्कळदा स्वादाची नसतात, ती त्याच्या वाहकाची असतात.

द्रवरूप अर्कांत वाहक म्हणून अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. व्हॅनिलाच्या अर्काच्या एका चमच्यात साधारण अर्धा ग्रॅम कर्बोदके असतात. केकमध्ये ती दहा जणांत वाटली जातात, म्हणून त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. ग्लिसरीन गोड असते आणि त्याच्या एका ग्रॅमपासून ४ किलोकॅलरींहून थोडी अधिक ऊर्जा मिळते. अमेरिकेतील पोषणतक्त्यात त्याची गणना एकूण कर्बोदकांत केली जाते.

भुकटीच्या रूपातील स्वादद्रव्यांची गोष्ट वेगळी. स्वादाचे तेल आणि वाहक यांचे पाण्यातील मिश्रण गरम हवेच्या झोतात फवारले म्हणजे पाणी उडून जाते आणि स्वादाचे कण वाहकाच्या कवचात बंदिस्त होऊन त्यांची कोरडी भुकटी बनते. यासाठी बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक वापरतात, आणि त्याहून स्वस्त असे माल्टोडेक्स्ट्रिनही वापरतात. मका, तांदूळ किंवा टॅपिओका यांच्या पिष्टाच्या साखळ्या थोड्या तोडल्या म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन तयार होते. ते पांढरे, पाण्यात सहज विरघळणारे आणि जवळजवळ बेचव असते. पचनाच्या दृष्टीने मात्र ते साखरेहून मंद नसते. आतड्यात त्याचे झपाट्याने ग्लुकोज होते आणि रक्तातील साखर चटकन वर जाते. जिभेला ज्याचा पत्ता लागत नाही, परंतु रक्ताला लागतो, असा हा पदार्थ आहे.

साखरेऐवजी वापरावयाच्या गोड पुड्यांतही हाच प्रकार आढळतो. या पुड्यांतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे सुक्रालोज. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्याबरोबर संशोधन करणारे शशिकांत फडणीस हे साखरेपासून बनविलेल्या काही संयुगांवर काम करीत होते. त्यांतील एक भुकटी तपासून पाहावी असे त्यांना सांगण्यात आले. तपासणे आणि चाखणे या अर्थांचे इंग्रजी शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. फडणीसांनी ती भुकटी चाखली आणि ती विलक्षण गोड असल्याचे उघडकीस आले.

सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. दोन चमचे, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम साखरेची गोडी आणण्यास त्याचे १३ मिलिग्रॅम पुरेसे होतात. १३ मिलिग्रॅम भुकटी डोळ्यांना धड दिसणारही नाही, मग ती चिमटीत कशी धरता येईल? म्हणून एक ग्रॅम वजनाच्या पुडीत उरलेला जवळजवळ सर्व भाग डेक्स्ट्रोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन यांनी भरलेला असतो. डेक्स्ट्रोज हे ग्लुकोजचेच दुसरे नाव होय. सारांश, गोडी आणणारे द्रव्य जवळजवळ ऊर्जाहीन असले तरी त्याला पेल्यापर्यंत आणणारे वाहन ऊर्जाहीन नसते. अशा एका पुडीत सुमारे ०.९ ग्रॅम कर्बोदके असतात. दिवसातून पाच वेळा कॉफी पिणारा आणि प्रत्येक वेळी दोन पुड्या घालणारा माणूस ९ ग्रॅम कर्बोदके घेतो. २० ग्रॅमांची मर्यादा पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा जवळजवळ निम्मा वाटा झाला. गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपातील सुक्रालोजमध्ये भर कमी असल्याने किंवा नसल्याने तेवढीच गोडी फार थोड्या कर्बोदकांत मिळते.

शून्य म्हणजे किती?

असे असता या पुडीवर ‘शून्य कॅलरी’ असे शब्द कसे छापले जातात, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत १९९० मध्ये पोषणविषयक लेबलांचा कायदा झाला आणि १९९४ पासून बहुतेक वेष्टित अन्नपदार्थांवर पोषणतक्ता अनिवार्य ठरला. त्या नियमांप्रमाणे एका वाढणीत ५ किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा असेल तर ती शून्य दाखविता येते. कर्बोदके पूर्ण ग्रॅममध्ये लिहावयाची असतात. ती अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असल्यास शून्य आणि एक ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ‘एक ग्रॅमहून कमी’ असे लिहिण्याची मुभा आहे. ०.९ ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे साडेतीन किलोकॅलरी मिळतात. ही संख्या पाचाच्या आत असल्याने ऊर्जेच्या ओळीत शून्य येते. कर्बोदकांच्या ओळीत मात्र ‘एक ग्रॅमहून कमी’ असे लहान अक्षरांत लिहिलेले असते. पुढच्या बाजूवरील मोठे शून्य वाचणाऱ्यांपैकी ती ओळ थोडेच वाचतात.

या नियमांत लबाडी आहे असे समजण्याचे कारण नाही. सूक्ष्म अंशांच्या नोंदींनी तक्ता क्लिष्ट होऊ नये हा त्यांमागील हेतू आहे आणि सर्वसामान्य ग्राहकाला अर्ध्या ग्रॅमने काही फरक पडत नाही. अडचण येते ती वाढणीच्या आकारामुळे. कॉफीत घालावयाच्या घट्ट सायीची वाढणी १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा ठरविलेली आहे. तेवढ्यात सुमारे ०.४ ग्रॅम कर्बोदके असतात; म्हणून तक्त्यात शून्य छापले जाते. त्याच सायीच्या २४० मिलिलिटरच्या पेल्यात असे सोळा चमचे असतात आणि त्यांत सहा ग्रॅमांहून अधिक कर्बोदके भरतात. शून्याला सोळाने गुणिले तर उत्तर शून्यच यावे, असे अंकगणित सांगते. लेबलावरील शून्य मात्र अंकगणितातील शून्य नसते. ‘नियमाप्रमाणे दुर्लक्ष करण्याइतके थोडे’ एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुधाऐवजी वापरावयाच्या भुकटीचे उदाहरण असेच बोलके आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो आणि तो बहुधा मक्याच्या वाळविलेल्या पाकाच्या रूपात असतो. तक्त्यातील वाढणी २ ग्रॅमांची, म्हणजे एक सपाट लहान चमचा, आणि कर्बोदके १ ग्रॅम. प्रत्यक्षात माणूस शिगोशीग भरलेले दोनतीन चमचे घालतो. कॉफीगृहांतील स्वादयुक्त पाकाची तर गोष्टच नको. त्याच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम साखर असते.

साखर नाही, पण कर्बोदके?

‘साखरविरहित’ या शब्दानेही असाच गैरसमज होतो. कायद्याच्या भाषेत साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज, सुक्रोज यांसारखी लहान कर्बोदके. माल्टोडेक्स्ट्रिनची साखळी त्याहून लांब असल्याने त्याचा बहुतेक भाग साखरेच्या ओळीत मोजला जात नाही. भारतातील २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसल्यास त्याला साखरविरहित म्हणता येते. त्याच पदार्थात पिष्टजन्य कर्बोदके कितीही असली तरी या शब्दाला बाध येत नाही. म्हणून मधुमेही माणसाने साखरेची ओळ पाहून समाधान मानू नये. एकूण कर्बोदकांची ओळ पाहावी.

सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल अशी नावे असलेल्या पदार्थांना शर्करा-अल्कोहोल म्हणतात. दारूशी त्यांचा संबंध नाही. ते सर्व एका मापाचे नाहीत. एरिथ्रिटॉलपासून जवळजवळ काहीच ऊर्जा मिळत नाही, तर माल्टिटॉलपासून साखरेच्या साधारण निम्मी ऊर्जा मिळते आणि रक्तातील ग्लुकोजही काही अंशी वाढते. तंतुमय द्रव्ये आणि शर्करा-अल्कोहोल वजा करून ‘निव्वळ कर्बोदके’ असा आकडा काही उत्पादक ठळकपणे छापतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या शब्दाची कोणतीही कायदेशीर व्याख्या केलेली नाही. तो आकडा उत्पादकाच्या हिशेबाचा असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

निरनिराळ्या देशांतील तक्त्यांत आणखी एक भेद आहे. अमेरिकन तक्त्यातील एकूण कर्बोदकांत तंतुमय द्रव्येही धरलेली असतात. तेथे हा आकडा वजाबाकीने काढतात: पाणी, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि राख यांचे वजन एकूण वजनातून वजा केल्यावर जे उरते ते कर्बोदक. युरोपीय तक्त्यात तंतुमय द्रव्ये आधीच वगळून स्वतंत्र ओळीत दाखवितात. समजा, एखाद्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये सर्व मिळून ३० ग्रॅम कर्बोदके असून त्यांपैकी १२ ग्रॅम तंतू आहेत. अमेरिकन पद्धतीने कर्बोदके ३० लिहिली जातील आणि युरोपीय पद्धतीने १८. अमेरिकन पुस्तक वाचून पथ्य करणारा माणूस युरोपीय डब्यावरील १८ मधून पुन्हा १२ वजा करील, तर त्याला ६ हे चुकीचे उत्तर मिळेल. आपल्या बाजारात दोन्हीकडचे डबे मिळत असल्याने ही चूक सहज घडू शकते.

आपल्याकडील वेष्टने

भारतात २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यान्वये स्थापन झालेले प्राधिकरण लेबलांचे नियम करते. २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पोषणतक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्ध पदार्थ इत्यादींचे प्रमाण द्यावे लागते. आपल्या तक्त्यांचा एक गुण असा की, बहुतेक वेळा आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे दिलेले असतात. वाढणी लहान ठरवून शून्य दाखविण्यास त्यामुळे फारसा वाव राहत नाही. दुधाला चॉकलेटचा किंवा माल्टचा स्वाद आणणाऱ्या भुकटीचा डबा हाती घेऊन पाहावा. १०० ग्रॅममागे कर्बोदके बहुधा ८० ग्रॅमांच्या आसपास आढळतील. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम भुकटी पेल्यात घातली तर १६ ग्रॅम कर्बोदके दुधात मिसळली जातात. दुधातील लॅक्टोज वेगळेच.

तक्त्याइतकीच घटकद्रव्यांची यादीही महत्त्वाची आहे. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. तयार मसाला चहाच्या पुष्कळशा भुकट्यांच्या यादीत साखरेचे नाव आरंभीच आढळते आणि चहाचे बरेच खाली. साखर हा शब्द यादीत नसला तरी माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टचा अर्क, फ्रुक्टोज ही सर्व तिचीच भावंडे होत. दुधाची भुकटी हे नाव निरुपद्रवी वाटते. परंतु साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचा सुमारे निम्मा भाग लॅक्टोजचा असतो.

ज्यांना वेष्टनच नाही अशा गोष्टींचेही भान हवे. १०० मिलिलिटर दुधात सुमारे साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज असते. बिनसाखरेच्या चहात ५० मिलिलिटर दूध घातले आणि असा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर नऊदहा ग्रॅम कर्बोदके सहज होतात. एका मध्यम लिंबाच्या रसात सुमारे दोन ग्रॅम असतात. कोकणात कोकमाचे आगळ आणि अमृत कोकम असे दोन प्रकार मिळतात. आगळ म्हणजे मीठ घातलेला आंबट रस, आणि अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकात मुरविलेला. रंग दोन्हींचा सारखाच गडद. कर्बोदकांचा हिशेब मात्र अगदी भिन्न.

औषधाचा चमचा

आता दहा ग्रॅमांचा दिवस घालविणाऱ्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. त्याला सर्दी किंवा ताप आला की घरातील माणसे लहान मुलांसाठी मिळणारे पातळ औषध आणतात. कडू औषध मुलांनी घ्यावे म्हणून त्याला फळांचा स्वाद दिलेला असतो आणि गोडीसाठी पुष्कळदा साखरेचा पाक वापरलेला असतो. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या साध्या पाकाच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग साखरेचा असतो. अशा ५ मिलिलिटर पाकात ४ ग्रॅमांहून थोडी अधिक साखर भरते. सर्वच औषधे इतक्या घट्ट पाकात केलेली नसतात हे खरे. परंतु एखादे तसे असेल आणि ते दिवसातून तीन वेळा दिले तर १२ ते १३ ग्रॅम साखर पोटात जाईल. मुलाच्या संपूर्ण दिवसाच्या वाट्याहून ती अधिक आहे. आईने भाजीची फोड तोलून दिली, फळाचा तुकडा निम्मा केला, आणि तिची सारी दक्षता तीन चमच्यांत वाहून गेली.

यात दोष त्या आईचा नाही. अन्नाच्या डब्यावर असतो तसा पोषणतक्ता औषधाच्या बाटलीवर नसतो. म्हणून कीटोजनक आहार देणारे तज्ज्ञ सुरुवातीलाच पालकांना बजावतात की कोणतेही नवे औषध, मग ते खोकल्याचे असो की जीवनसत्त्वांचे, आहाराची देखरेख करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. पुष्कळ औषधे गोळीच्या रूपात किंवा साखर न घालता मिळतात. पण साखरेऐवजी त्यांत सॉर्बिटॉल वा ग्लिसरीन आहे काय, हेही पाहावे लागते. दुसऱ्या बाजूने, औषध स्वतःच्या मनाने बंद करणे किंवा बदलणे हे साखरेहून अधिक घातक ठरू शकते. हा निर्णय नेहमी डॉक्टरांवरच सोपवावा.

हिशेबाची सोपी रीत

वर सांगितलेल्या गोष्टींवरून व्यवहारापुरते काही नियम काढता येतील. पहिला, पुढच्या बाजूवरील शब्दांवर न थांबता मागचा तक्ता वाचावा आणि त्यातील आकडे वाढणीमागे आहेत की १०० ग्रॅममागे, हे आधी पाहावे. दुसरा, आपण प्रत्यक्ष किती घेतो ते एकदा तरी तोलून पाहावे. चमच्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. तिसरा, साखरेची ओळ व कर्बोदकांची ओळ यांत मोठा फरक आढळला तर घटकद्रव्यांची यादी पाहून त्याचे कारण शोधावे. चौथा, ऊर्जेच्या आकड्यातून स्निग्ध पदार्थांचे ग्रॅम गुणिले ९ आणि प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४ हे वजा करावे. उरलेल्या संख्येला ४ ने भागले म्हणजे कर्बोदकांचा स्थूल अंदाज येतो. छापील आकड्याहून तो बराच मोठा निघाला तर काही तरी नजरेआड राहिले आहे असे समजावे. आकडे जवळच्या पूर्णांकात लिहिलेले असल्याने किरकोळ तफावत राहणारच; तिचा बाऊ करू नये.

याचा अर्थ प्रत्येकाने कर्बोदकांची धास्ती घ्यावी असा मुळीच नाही. बहुसंख्य लोकांना धान्य, कडधान्ये, फळे आणि भाज्या यांचा समतोल आहार हितकर असतो. साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरणे म्हणजे आरोग्याचा राजमार्ग, असेही नाही. वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा द्रव्यांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. मात्र आधीच मधुमेह असलेल्यांना तो उद्देशून नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाची इतर औषधे घेणाऱ्या माणसाने कर्बोदके एकाएकी तोडली तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून असे पथ्य वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू करू नये.

लेबल हे सर्वसामान्य माणसासाठी लिहिलेले असते, आणि त्याच्या गरजेपुरते ते बहुधा पुरेसे असते. ज्याचा दिवस दहा किंवा वीस ग्रॅमांचा आहे त्याला त्या शून्याच्या आत काय दडले आहे हे स्वतः शोधून काढावे लागते. एकदा ही नजर आली की डबा हाती घेऊन तक्ता वाचण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आणि ज्या घरात असे एखादे मूल आहे त्या घराला या अर्ध्या मिनिटाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.